मायलेजची खतावणी

नव्या एसयूव्हीचे जाहिरातीतील मायलेज आणि पेट्रोलपंपाच्या पावत्या यांचा मेळ सहसा बसत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीची चाचणी रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने होते. तेथे घाट, खड्डे वा वाहतूककोंडी नसते. खरा आकडा आपल्याच वहीत सापडतो. टाकी पूर्ण भरावी, पुढील खेपेस पुन्हा पूर्ण भरावी आणि मधल्या किलोमीटरना दुसऱ्या खेपेच्या लिटरने भागावे. महिन्याला १५०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला २० ऐवजी १५ किलोमीटर देत असेल, तर २५ लिटर इंधन जास्त जळते.

या तुटीचा मोठा भाग चालकाच्या सवयींत असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाला तो दीडपटीहून अधिक होतो. उंच, रुंद गाडीला त्याची झळ जास्त. टायरमध्ये हवा कमी असली, तरी इंधन अधिक लागते. जोराने दाबलेला प्रत्येक ब्रेक आधी खर्चिलेले इंधन उष्णतेत घालवतो.

ईर्यासमिती पाळणारे साधू चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. श्रावकाने दूरचा सिग्नल पाहून ॲक्सिलरेटरवरचा पाय वेळीच उचलला, तर इंधन वाचते आणि रस्त्यात आडवा येणारा जीवही वाचतो.