हवेत तरंगणारी ट्रेन जगभर का पसरली नाही? महागडं मशीन घेण्याआधी हे वाचा



एक प्रश्न विचारतो. बाजारातलं सगळ्यात वेगवान मशीन तुमच्याकडे आलं, तर धंदा चालणारच ना? लगेच "हो" म्हणू नका. आधी एका ट्रेनची गोष्ट ऐका.

चीनमधल्या शांघायमध्ये पुडोंग विमानतळ ते शहर अशी एक मॅग्लेव्ह ट्रेन आहे. २००४ पासून ती प्रवाशांना नेते. तिला चाकंच नाहीत! पहिली बरीच वर्षं ती ताशी ४३१ किलोमीटरपर्यंत पळायची. तीस किलोमीटरचं अंतर साधारण आठ मिनिटांत पार.

ती चालते कशी?

डब्याचा खालचा भाग मार्गाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो आणि मार्गाच्या खालपर्यंत जातो. तिथे विद्युतचुंबक बसवलेले असतात. वीज सोडली की हे चुंबक वरच्या लोखंडी पट्टीकडे ओढले जातात आणि त्यांच्यासोबत अख्खी गाडी उचलली जाते. फट किती? जेमतेम १० मिलिमीटर. चुंबक जवळ गेला की ओढ वाढते, लांब गेला की कमी होते. म्हणून सेन्सर सतत फट मोजतात आणि वीज कमीजास्त करतात.

मग पुढे कशी जाते? मिक्सरची मोटर आठवा. ती मधोमध कापून सरळ अंथरली असं समजा. ही अंथरलेली मोटर मार्गातच असते. तिच्यात चुंबकीय लाट पुढे सरकते आणि गाडी त्या लाटेबरोबर जाते.

आता इथे थांबा. साध्या रेल्वेत मोटर गाडीत असते. इथे ती पूर्ण रस्ताभर पसरलेली आहे. म्हणजे गाड्या दोन असोत की वीस, पहिल्या दिवशीच सगळा मार्ग महागडा बांधावा लागतो. आणि वेग वाढला की चाकांचं घर्षण नव्हे, हवेचा विरोध मोठा होतो. तो काही चुंबकाने जात नाही.

मग अडलं कुठे?

पहिली अडचण: जुन्याशी जोड नाही. मॅग्लेव्ह नेहमीच्या रुळांवर जाऊच शकत नाही. शांघायची ट्रेन लाँगयांग रोडला संपते. तिथून शहराच्या मध्यात जायचं तर सामान घेऊन मेट्रो पकडा. आठ मिनिटांत वाचवलेला वेळ गाडी बदलण्यात जातो. हा मार्ग हांगझौपर्यंत न्यायचा बेत होता, तो कागदावरच राहिला. उलट फ्रान्सची टीजीव्ही बघा. १९८१ मध्ये पॅरिस–ल्यों मार्गावर ती आली. शहराबाहेर नवा वेगवान मार्ग, पण शहरात शिरताना जुनेच रूळ, जुनीच स्टेशनं. म्हणून ती पसरली.

दुसरी अडचण: दुरुस्ती. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विमानतळावर १९८४ मध्ये सुमारे ६०० मीटरची मॅग्लेव्ह सुरू झाली. जगात तशी दुसरी नाही, म्हणजे तिचे सुटे भाग बनवणार कोण? इलेक्ट्रॉनिक्स जुनं झालं, बिघाड वाढले आणि १९९५ मध्ये ती बंद पडली. २००३ मध्ये त्याच उंच मार्गावर दोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. साधं तंत्र, पण काम झालं.

तिसरी अडचण: फुगणारा खर्च. शांघायचं तंत्र मूळ जर्मनीचं. खुद्द म्युनिकमध्ये विमानतळासाठी असाच मार्ग ठरला होता. खर्चाचा अंदाज १८५ कोटी युरोवरून ३०० कोटींच्या वर गेला आणि २००८ मध्ये प्रकल्प रद्द झाला.

मग हे तंत्र वाईट का?

अजिबात नाही. जपानच्या मॅग्लेव्हने २०१५ मध्ये चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला. टोकियो–नागोया हा २८६ किलोमीटरचा मार्ग तिथे बांधला जातोय. त्याचाही खर्च वाढला, २०२७ ची तारीखही हुकली. तरी काम चालू आहे. का? कारण त्या मार्गावर गर्दी आधीपासून आहे आणि त्याच कंपनीची जुनी शिंकान्सेन भरपूर कमावते. उशीर सोसायची ताकद आहे. आपला मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन प्रकल्पही जपानी तंत्राचाच, पण तिथे निवड झाली चाकांच्या शिंकान्सेनची.

आता तुमच्या धंद्याकडे या

समजा, तुमचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. प्रदर्शनात परदेशी पाऊच पॅकिंग मशीन बघितलं. मिनिटाला पाऊचच पाऊच! डोळे दिपतात, कर्जाचा फॉर्म भरावासा वाटतो. सही करण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा.

१. हे माझ्या आत्ताच्या कामात बसतं का? वीज कनेक्शन, जागा, इथे मिळणारे फिल्मचे रोल, सगळं तपासा. दळण दिवसाला पन्नास किलोच होत असेल, तर वेगवान पॅकिंग मशीन अर्धा दिवस बसून राहील.

२. बंद पडलं तर जवळचा मेकॅनिक कोण? सुटा भाग किती दिवसांत येईल? विकणाऱ्याला नको, वापरणाऱ्याला फोन करून विचारा.

३. खर्च दीडपट झाला आणि उत्पन्न सहा महिने उशिरा आलं, तर हप्ता कुठून भरणार? "बघू पुढे" हे उत्तर चालणार नाही.

तिन्ही उत्तरं पक्की असतील तर बिनधास्त घ्या. एक जरी कच्चं असेल, तर सध्या साधं सीलिंग मशीन घ्या आणि ऑर्डर वाढवा. आधी गर्दी जमू द्या, वेगवान गाडी नंतर आणता येते.

आज रात्री वही घेऊन बसा. भेटू पुढच्या व्हिडिओत!