97 पर्सेंटाइल आले, आता आयआयएम मिळेल का?

आयआयएम प्रवेशाच्या कॅट परीक्षेचा निकाल लागला की देऊळगाव राजातही हा प्रश्न कानावर येतो: "97 आलेत, अहमदाबाद मिळेल का?" दहावी, बारावी, पदवीचे गुण, प्रवर्ग आणि नोकरीचा अनुभव कळल्याशिवाय याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, क्लासवालेही नाहीत.

मुळात पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. कॅटला दरवर्षी जवळपास 3 लाख मुलं बसतात. 97 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे त्यातली सुमारे 9 हजार असतात, 99 वाल्याच्या पुढेही 3 हजार. दुसरीकडे, अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवूनही 99 पर्सेंटाइल आले आहेत. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्न चुकला की 1 गुण जातो, त्यामुळे सगळी प्रश्नपत्रिका सोडवायचा हट्ट अंगाशी येतो. शिवाय प्रत्येक विभागाची किमान अट वेगळी असते. गणितात 99 आणि इंग्रजी वाचनात 60 असतील, तर एकूण आकडा चांगला दिसूनही बऱ्याच संस्था पुढे विचारच करत नाहीत.

मला सर्वांत घातक वाटतो तो गैरसमज जाहीर कटऑफबद्दलचा. संस्थेनं 85 लिहिलं आणि आपल्याला 90 आहेत, म्हणजे काम झालं असं घरचे धरून चालतात. ते 85 फक्त रांगेत उभं राहण्यापुरते असतात. मुलाखतीचं बोलावणं कॅटचे गुण, जुने गुण आणि अनुभव यांच्या एकत्रित गुणांवर ठरतं आणि प्रत्येक आयआयएमचं सूत्र निराळं असतं. ते निवड-धोरण संस्था स्वतःच प्रसिद्ध करते. अर्ज भरण्याआधी ते वाचून आपले गुण त्यात घालून पाहावेत.

"आमचं राज्य मंडळ, गुण कमी पडतात" ही भीतीही तपासून घेण्यासारखी आहे. आयआयएम बंगळूरच्या धोरणात दहावी-बारावीच्या गुणांना त्या-त्या मंडळाच्या 90व्या पर्सेंटाइलच्या गुणांनी भागण्याची पद्धत राहिली आहे. समजा, राज्य मंडळात तो आकडा 88 आहे आणि मुलीला 80 टक्के आहेत, भागाकार 0.909. सीबीएसईत तो 95 आहे आणि दुसरीला 86 टक्के, भागाकार 0.905. म्हणजे 80 वाली किंचित पुढे. अहमदाबादच्या रेटिंगमध्येही शाखेनुसार गुणांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्यामुळे अमरावती विद्यापीठाच्या बी.कॉम.वाल्यानं इंजिनिअरशी थेट तुलना करून खचू नये. पात्रतेसाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि 50 टक्के पुरतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना 45. शेवटच्या वर्षाची मुलंही बसू शकतात.

आपल्या भागात खरी गल्लत दाखल्यांत होते. आयआयएममध्ये केंद्राचं आरक्षण चालतं: ओबीसींना 27 टक्के, ईडब्ल्यूएसला 10. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातच लागतो. राज्याचं एसईबीसी प्रमाणपत्र तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएससाठी लोक 8 लाखांची उत्पन्नमर्यादा लक्षात ठेवतात, पण कुटुंबाकडे 5 एकर किंवा जास्त शेती असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी तो दाखला मिळत नाही. कोरडवाहू 6 एकरांच्या मालकाला हे अन्यायाचं वाटेल, आणि मलाही वाटतं. पण नियम तोच आहे.

फीचं म्हणाल तर अहमदाबादचा दोन वर्षांचा खर्च 25 लाखांच्या पुढे जातो. तरी "जमीन गहाण टाकल्याशिवाय जमणार नाही" हे खरं नाही. नामांकित संस्थांसाठी बँका विनातारण कर्ज देतात, 2024 पासून पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे. आयआयएमबाहेरही वाटा आहेत. मुंबईची जमनालाल बजाज संस्था 1965 पासूनची आहे, आणि तिथल्या प्रवेशासाठीही चालणाऱ्या राज्याच्या एमबीए सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

राहता राहिली मुलाखत. "गावाकडचं काय सांगणार?" असं म्हणत मुलं पाठ केलेली उत्तरं घेऊन जातात. देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. ज्यानं घरच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं परागीकरण करण्याच्या दिवसांत मजूर सांभाळले, त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे: कंपनीशी करार काय होता, बियाण्याचं सॅम्पल नापास झालं तर नुकसान कोणाच्या अंगावर पडतं, पुढच्या हंगामात घरच्यांनी काय बदललं. पॅनेल पुढचे प्रश्न यावरच विचारेल आणि त्यांची उत्तरं मुलाला ठाऊक असतील. फक्त ती इंग्रजीत, मोठ्यानं, कोणाला तरी समोर बसवून सांगायचा सराव निकालाची वाट न पाहता सुरू करावा.