पोकळ विद्युत गिटार

पोकळ विद्युत गिटार किंवा हॉलो-बॉडी गिटार हा विद्युत गिटारचा सर्वांत जुना प्रमुख प्रकार आहे. या वाद्याचे अंग व्हायोलिनप्रमाणे आतून पोकळ असून त्याच्या किंचित फुगीर वरच्या फळीवर बहुधा इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असतात. तारांचे कंपन चुंबकीय पिकअपद्वारे विद्युत संकेतात रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकाकडे जाते. जॅझ, ब्लूज, रॉकाबिली आणि काही प्रमाणात रॉक संगीतात ही गिटार वापरली जाते.

इतिहास

फुगीर फळीच्या गिटारला ‘एफ’ छिद्रांची जोड गिब्सन कंपनीच्या एल-५ (१९२२) या प्रतिमानात मिळाली. ती विद्युत गिटार नव्हती. नृत्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज ताल धरण्यापुरता पुरे, परंतु एकल वादनासाठी अपुरा पडे. १९३६ साली गिब्सनने ईएस-१५० ही पिकअप बसवलेली गिटार बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या वृंदात या गिटारवर सॅक्सोफोनच्या तोडीचे एकल वादन केले. १९४२ मध्ये ऐन पंचविशीत त्याचे निधन झाले. तरीही जॅझमधील गिटारचे स्थान त्याच्यामुळे कायमचे बदलले.

१९४९ मध्ये आलेली ईएस-१७५ ही या प्रकारातील बहुधा सर्वाधिक परिचित गिटार होय. तिची वरची फळी अखंड लाकडातून कोरलेली नसून मेपलचे पातळ थर चिकटवून दाबलेली होती. त्यामुळे किंमत आटोक्यात राहिलीच, शिवाय मोठ्या आवाजात फळी कमी थरथरत असल्याने ती रंगमंचावर अधिक उपयोगी ठरली. जो पास व जिम हॉल यांनी ती दीर्घकाळ वाजवली. ग्रेच कंपनीची चेट अ‍ॅटकिन्स यांच्या नावाची ६१२० ही गिटार कंट्री व रॉकाबिली संगीतात रुजली. एपिफोनची कसिनो (१९६१) ही पातळ पण पूर्ण पोकळ गिटार बीटल्समधील तिन्ही गिटारवादकांकडे होती.

फीडबॅकची समस्या

ध्वनिवर्धकातून येणारा आवाज पोकळ अंगाच्या फळीला हलवतो, फळी तारांना हलवते आणि तारांचे कंपन पुन्हा ध्वनिवर्धकात जाते. हे चक्र सुरू झाले की वाद्य घुमू लागते. पोकळीचा व फळीचा नैसर्गिक अनुनाद खालच्या स्वरांत असल्याने प्रथम तेच स्वर अनावर होतात. यावर उपाय म्हणून गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ मध्ये अंगाच्या मधोमध मेपलचा ठोकळा बसवला. अशा गिटारला अर्धपोकळ म्हणतात. दिसायला कसिनो आणि ईएस-३३५ जवळजवळ सारख्याच असल्या तरी वागणुकीत त्या भिन्न आहेत आणि खरेदीतील सर्वाधिक गल्लत येथेच होते.

निवड

निवडीचा पहिला प्रश्न ब्रँडचा नसून आवाजाच्या पातळीचा असतो. ढोलसंचासह मोठ्या आवाजात किंवा विकृतीकारक इफेक्टसह वाजवायचे असल्यास पूर्ण पोकळ गिटार त्रासदायक ठरते. तेथे अर्धपोकळ गिटार योग्य. घरी, लहान सभागृहात अथवा गायनाच्या साथीला वाजवायचे असल्यास पूर्ण पोकळ अंगाचा गोल, पटकन विरणारा स्वर हाच तिचा गुण असतो. कोरीव स्प्रूस फळीची गिटार ध्वनिवर्धकाविनाही चांगली वाजते, पण ती महाग व नाजूक असते. अशा फळीला भोक पाडून जड पिकअप बसवल्यास तिचे कंपन दबते, म्हणून काही गिटारींत पिकअप दांडीच्या टोकाला अधांतरी जोडतात.

आकारमानाकडेही लक्ष द्यावे लागते. ईएस-१७५ चे अंग सुमारे १६ इंच रुंद व सव्वातीन इंचांहून अधिक खोल आहे. बसून वाजवताना उजवा खांदा उचलला जातो. लहान चणीच्या वादकाला पातळ अंगाची गिटार सोयीची पडते. जुनी गिटार घेताना दांडीचा सांधा, फळीच्या आतील आधारपट्ट्या आणि कडांवरील प्लास्टिकची किनार तपासावी. छिद्रातून छोटा आरसा व दिवा घातल्यास सुटलेली पट्टी दिसते. फळी घोडीखाली खचलेली असल्यास इतर कोणत्याही गुणासाठी ती गिटार घेण्यात अर्थ नाही.

कोकण व मुंबईच्या पावसाळी हवेत लाकूड फुगून फळी वर येते व तारा दांडीपासून दूर जातात. देशावरील कोरड्या उन्हाळ्यात उलट घडते आणि फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. खरेदी कोणत्या ऋतूत होत आहे हे लक्षात घेऊनच तारांची उंची जोखावी.

सुधारणा

स्वस्त पोकळ गिटारचा स्वर आवडला नाही की बहुतेक वादक प्रथम पिकअप बदलतात. वास्तविक तारा, घोडी आणि नट यांकडे आधी पाहणे स्वस्त व अधिक परिणामकारक असते. सपाट वेष्टणाच्या, ०.०१२ इंचापासून सुरू होणाऱ्या तारा बसवताच अनेक गिटारींचा कर्कशपणा जातो. कांस्य वेष्टणाच्या तारा मात्र टाळाव्यात, कारण चुंबकीय पिकअप त्यांना नीट प्रतिसाद देत नाही.

पारंपरिक लाकडी घोडी फळीवर चिकटवलेली नसते. केवळ तारांच्या दाबाने ती जागेवर राहते. म्हणून सर्व तारा एकदम काढू नयेत. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर तेथीलच हार्मोनिकपेक्षा चढा असेल, तर घोडी मागे, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीकडे सरकवतात. अशा घोडीचे खाचे तिसरी तार वेष्टित असल्याचे गृहीत धरून कापलेले असतात. तेथे साधी तार लावल्यास तिचा स्वर वरच्या फ्रेटवर चढा लागतो आणि खुंट्या कितीही पिळल्या तरी तो दोष जात नाही. घोडीचा पाया फळीच्या फुगवट्याला पूर्ण टेकत नसेल, तर फळीवर काचकागद ठेवून पाया घासून बसवतात.

पिकअप बदलताना आकार जुळणे निर्णायक असते. पी-९० हा एकाच वेटोळ्याचा पिकअप स्पष्ट वाजतो, पण विजेची गुणगुण पकडतो. सेथ लव्हर यांनी विकसित केलेला, १९५७ पासून गिब्सन गिटारींत आलेला हंबकर दोन विरुद्ध वेटोळ्यांनी ती रद्द करतो. हंबकरच्या साच्यात बसणारे पी-९० मिळत असल्याने फळी कापण्याची गरज नसते. जुन्या गिटारच्या फळीवरील नवे भोक बुजवता आले तरी मूल्य परत येत नाही.

विद्युत जोडणीचे काम भरीव गिटारपेक्षा किचकट आहे, कारण मागे झाकण नसते आणि सर्व भाग ‘एफ’ छिद्रातूनच आत-बाहेर करावे लागतात. जुने नियंत्रक सैल करण्यापूर्वी प्रत्येकाच्या दांड्याला मजबूत दोरा बांधून मग तो आत ढकलतात. नवा भाग त्याच दोऱ्याने भोकापर्यंत ओढून आणतात. नवा संच आधी पुठ्ठ्यावर तितक्याच अंतरांची भोके पाडून त्यात बसवून जोडतात व ध्वनिवर्धकावर तपासतात. हंबकरसाठी साधारणतः ५०० किलो-ओहमचे नियंत्रक वापरतात. २५० किलो-ओहमचे लावल्यास आधीच गडद असलेला स्वर आणखी मंद होतो. ‘एफ’ छिद्रांत बसवायचा फोमचा तुकडा हा फीडबॅकवरील सर्वांत स्वस्त उपाय असून तो हवा तेव्हा काढता येतो.