निम्मी स्पर्धा जमिनीवरच

उरणमध्ये रिमोटचं विमान उडवायचं तर आधी नकाशा उघडावा लागतो. करंजाला नौदलाचं शस्त्रागार, शेजारी जेएनपीएचं बंदर, पलीकडे नवी मुंबईचा नवा विमानतळ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आपली जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते, हे ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर पाहणं आलंच. पण खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांची निम्मी स्पर्धा जमिनीवरच होते.

एफएआय या हवाई क्रीडांच्या जागतिक संघटनेच्या ‘एफ४सी’ गटात परीक्षक आधी काही मीटर अंतरावरून मॉडेल बाजूने, समोरून आणि वरून पाहतात, मग जवळ जाऊन रंग, पृष्ठभाग, कारागिरी. प्रत्येक बाबीला दहापैकी गुण आणि ठरलेला गुणक. तुलना होते ती स्पर्धकाने जोडलेल्या ड्रॉइंग आणि फोटोंशी. परीक्षकाला विमान तोंडपाठ असलं तरी पुरावा देण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची. मला यातला सर्वांत मोलाचा नियम हाच वाटतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. १९८२ मध्ये त्याच तारखेला त्यांनी तो प्रवास पुन्हा केला, तो मात्र लेपर्ड मॉथमधून. दोन्ही डी हॅविलंडची, दोन्हींचे पंख केबिनच्या माथ्यावर. पस मॉथचा पंखविस्तार सुमारे ११.२० मीटर, लेपर्डचा ११.४३. एकास पाच प्रमाणाच्या मॉडेलमध्ये फरक उरतो सुमारे साडेचार सेंटीमीटरचा. पण वरून पाहिलं की लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते होत गेलेले दिसतात, पस मॉथचे तसे नाहीत. पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापड. लेपर्डचं धड प्लायवूडचं. म्हणून पस मॉथच्या कुशीवर कापडाचा ताण दिसायलाच हवा. तिथे आरशासारखी चकाकी आणली, तर मेहनत कितीही असो, गुण जाणारच. आणि १९३२ चा रंग? कृष्णधवल फोटोवरून तो सिद्ध होत नाही, त्या काळची लेखी नोंद शोधावी लागते.

उरणच्या शाळांनी विज्ञान प्रदर्शनात एवढं करावं: प्रत्येक मॉडेलसोबत ड्रॉइंग आणि तीन फोटो मागावेत, आणि परीक्षक म्हणून मुलांनाच बसवावं. त्याला एक टेबल आणि मोजपट्टी पुरते, उड्डाणाची परवानगी लागत नाही.