चालायला कुणी सोबत आहे का?

मुंबईहून रात्री निघालेली गाडी सकाळी लातूरला पोचते, तेव्हा तिच्यातून जाडजूड फाईल छातीशी धरलेली काही माणसं उतरतात. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशनचा शेक सगळं आटोपलेलं असतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतले दिवस मागे पडलेले असतात. नांदेडला तपोवन किंवा देवगिरी एक्सप्रेसमधून उतरणाऱ्यांचंही असंच. घरी वाट पाहणारे म्हणतात, "आता कशालाही हात लावायचा नाही. नुसतं पडून राहा." लेक हातातली कळशी काढून घेते, सून डिंकाचे लाडू वळते, शेजारीण पथ्याची यादी सांगून जाते. मायेत काही खोट नाही. पण उपचार सोसून आलेल्या शरीराला हेच मानवत नाही.

जून 2025 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किमो पूर्ण झालेले 889 रुग्ण तिच्यात होते, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका देऊन घरी पाठवलं. उरलेल्यांनाही पुस्तिका मिळाली, पण जोडीला एक सल्लागार मिळाला. पहिलं वर्षभर साधारण दर पंधरा दिवसांनी आणि पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा तो रुग्णाशी बोलायचा. किती चाललात, कुठे अडलं, पुढच्या खेपेला काय बदलू या, अशी ती विचारपूस. व्यायाम ज्याचा त्याने निवडायचा. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास झपझप चाललं तरी पुरे. आठ वर्षांनंतर सल्लागार लाभलेल्यांपैकी 90.3 टक्के हयात होते, नुसती पुस्तिका मिळालेल्यांपैकी 83.2 टक्के. स्नायू-सांध्यांच्या दुखापती मात्र व्यायाम करणाऱ्यांत अधिक झाल्या, 18.5 टक्के, दुसऱ्या गटात 11.5. म्हणजे सुरुवात बेतानेच करायची.

या आकड्यांतली खरी गोष्ट चालण्याइतकीच विचारपुशीची आहे. काय करायला हवं ते पुस्तिकेने दोन्ही गटांना सांगितलं होतं. फरक पडला, त्यात पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारणार आहे, या जाणिवेचाही वाटा असणार.

आपल्याकडचा दाखलाही आहे. टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्ण स्त्रियांवर योगाभ्यासाची चाचणी केली. उपचाराच्या टप्प्याप्रमाणे आसनं, प्राणायाम आणि विश्रांती बेतलेली होती. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडलेल्या निष्कर्षांनुसार, आजार न उलटता जगण्याच्या प्रमाणात 15 टक्के सापेक्ष सुधारणा दिसली.

मराठवाड्यात यावर हमखास प्रश्न येतो : जन्मभर खुरपणी-वेचणी केलेल्या बाईला व्यायाम कसला शिकवता? प्रश्न रास्त आहे. पण आजारानंतर तिचं शेत सुटतं, पाणी भरणं सुटतं, एकदम सगळं थांबतं. स्नायू झिजतात, थकवा वाढतो, थकवा वाढला म्हणून ती आणखी पडून राहते. किमोनंतरचा हा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. हलक्या, नियमित हालचालीने तो कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन प्रमाण सुचवलं : आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम किंचित वाढेल अशी हालचाल, आणि दोनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम.

जोर म्हटलं की स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या घरचे दचकतात. काखेतल्या गाठी काढल्या की हातावर सूज येऊ शकते, म्हणून 'त्या हाताने काही उचलायचं नाही' हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. 2009 मध्ये हातसूज असलेल्या 141 स्त्रियांच्या अमेरिकेतल्या चाचणीत वेगळंच दिसलं. आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू चढत गेलेल्यांची सूज वाढली नाही. उलट सूज उफाळण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. सुरुवातीला त्यांना प्रशिक्षकाची देखरेख होती आणि हातावर दाबपट्टीही होती, हे विसरू नये. पहिल्याच दिवशी भरला हंडा उचलणं म्हणजे हा व्यायाम नाही.

आता ताटाकडे. इथे भीती फार आहे. साखरेने गाठ वाढते म्हणून साखर बंद, मग दूध, अंडी, शेवटी डाळसुद्धा बंद. लातूर हा सोयाबीनचा जिल्हा, पण स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला पहिली बंदी सोयाबीनच्या वड्यांची होते, कारण सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकासारखे घटक असतात. शांघायमध्ये 5,042 रुग्ण स्त्रियांच्या पाहणीत मात्र, जेवणात सोयाबीन जास्त असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. ही गोष्ट जेवणातल्या सोयाबीनची; त्याच्या अर्काच्या गोळ्यांची नव्हे. दुसऱ्या टोकाला, भाज्या-फळांचा मारा केल्याने आजार हटतो हेही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत 3,088 स्त्रियांच्या चाचणीत तसा जादा फायदा दिसला नाही. चमत्कारी पदार्थ शोधत फिरण्यापेक्षा ज्वारीची भाकरी, निलंग्याकडच्या बोरसुरी तुरीचं वरण, तांदूळजा किंवा अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक हे मराठवाड्याचं नेहमीचं ताट कितीतरी भरवशाचं आहे. तेल आणि मीठ तेवढं आवरावं.

पण सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेकींचं वजन वाढतं. तिथे डिंकाचा लाडू खरंच नको. तोंडाचा कर्करोग झालेल्याचं दुखणं उलट असतं. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या, तंबाखू, मिश्री सुटलेली नाही. ती सोडणं हे आहार-व्यायामाच्याही आधीचं काम. शेक घेतल्यावर अशा रुग्णाचा जबडा आखडतो, लाळ आटते, कडक भाकरी गिळत नाही, वजन घसरत जातं. त्याला ताकातल्या कण्या, हुलग्याचं माडगं, वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ अंडं असं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं लागतं. त्याचा व्यायामही निराळा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत तोंड उघडायचं. दुखतं, म्हणून माणसं तो सोडून देतात. शेजारी बसून काड्या मोजणारं कुणी असलं की व्यायाम टिकतो.

ही विचारपूस कोण करणार? गावोगाव पोचण्याच्या कामात मराठवाडा अगदीच नवखा नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यॉनच्या एका संस्थेबरोबर, लातूरला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, तिथे या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणीसाठी गावोगावच्या बायाबापड्यांपर्यंत पोचता येत असेल, तर उपचार संपवून परतलेल्या मोजक्या माणसांपर्यंत पोचणं अशक्य नाही. टीबीच्या रुग्णाने गोळी घेतली का, हे विचारायला आशाताई जातेच. त्याच फेरीत चार प्रश्न वाढवता येतील : वजन किती, काय जेवलात, किती चाललात, तंबाखू सुटली का? लातूर-नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून दर पंधरा दिवसांनी एक फोन गेला तरी बरंच होईल.

तोवर काम घरच्यांनाच करायचं आहे. सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारावं, विशेषतः आजार हाडांत गेला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर. काही प्रकारच्या किमोनंतर तळपाय बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही. म्हणून चपलेऐवजी बूट हवेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नांदेडला गोवर्धन घाटाकडे काय किंवा लातूरच्या सिद्धेश्वर मंदिराकडे काय, निघायचं ते उजाडतानाच. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरेत. एखाद्या सकाळी अंग उठू देत नाही, त्या दिवशी पाचच. आणि तेव्हा दारात येऊन "चला काकू, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणणारी शेजारीण हवी.