अक्षरगणना आणि स्तंभरचना : शेल-स्क्रिप्टच्या संदर्भात एक संपादकीय प्रश्न

प्राचीन मराठी संहितांची पाठभेदकोष्टके किंवा शब्दसूची सिद्ध करण्यासाठी अभ्यासकाला महागडी आज्ञावली लागतेच असे नाही. युनिक्स प्रणालीत आज्ञांचा अर्थ लावणारा जो ‘शेल’ असतो, त्याच्यासाठी लिहिलेली दहा-पंधरा ओळींची फाईल, म्हणजेच शेल-स्क्रिप्ट, पुष्कळदा पुरते. एका आज्ञेचे फलित ‘पाइप’मधून दुसरीकडे सोपवावे, ही सोय बेल प्रयोगशाळेत १९७३ साली युनिक्समध्ये आली, आजही या स्क्रिप्टांचा कणा तीच आहे. प्रश्न उद्भवतो तो फलिताची मांडणी करताना, आणि तो वरवर दिसतो तितका तांत्रिक नाही.

‘प्रिंटएफ’ या आज्ञेला स्तंभाची रुंदी सांगितली की उरलेली जागा ती रिकामी सोडते. ही रुंदी कशाची? बॅश या प्रचलित शेलमध्ये ती साधारणतः बाइटांची असते. १९९२ साली केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हेही स्वतंत्र संकेतच होत. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात दहा संकेत, म्हणजे तीस बाइट. ‘तुकाराम’मध्ये सात संकेत, एकवीस बाइट. रुंदी चाळीस सांगितल्यास पहिल्या नावापुढे दहा आणि दुसऱ्यापुढे एकोणीस जागा सुटतात. संकेत मोजणारे साधन घेतले तरी तिघांचा फरक उरतोच. मराठी वाचकाच्या लेखी मात्र दोन्ही नावे चार-चार अक्षरांची आहेत.

येथे छंदःशास्त्राचे ‘अक्षर’ साहाय्यास येते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा, असे आपण म्हणतो तेव्हा बाइट वा संकेत आपल्या मनात नसतात. स्क्रिप्टला नियम असा देता येतो : व्यंजने व स्वतंत्र स्वर मोजावेत आणि ज्या हलन्तापुढे व्यंजन आहे असे हलन्त वजा करावेत. ‘ज्ञानेश्वर’मधील सहा व्यंजनांतून दोन हलन्त गेले की चार उरतात. तथापि ‘अर्थात्’सारख्या शब्दात अडचण येते. तेथील अंत्य ‘त्’ छंदात मोजला जात नाही, पण कागदावर जागा व्यापतो. छंदाचे अक्षर आणि छपाईचे अक्षर येथे वेगळे होतात. चरणपरीक्षेसाठी लिहिलेला नियम स्तंभांसाठी जसाच्या तसा वापरता येत नाही.

याहून गंभीर धोका ओळी तोडणाऱ्या वा कापणाऱ्या आज्ञांचा. बाइट मोजून कापल्यास निरर्थक चिन्हे उमटतात, ती निदान डोळ्यांत भरतात. संकेत मोजून कापल्यास ‘की’चा ‘क’ उरतो, आणि तो एखाद्या पोथीतील पाठभेद म्हणून कोष्टकात सुखेनैव बसू शकतो! अशा कोष्टकावर पाठचिकित्सा उभारणाऱ्याला या पाठाचा उगम पोथीत नसून स्क्रिप्टमध्ये आहे हे कळण्याचा मार्ग नसतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते स्क्रिप्टने रुंदी मोजण्याच्या फंदात पडूच नये. ओवीक्रमांक, पोथीचे संक्षेपचिन्ह आणि पाठ यांमध्ये केवळ टॅब घालावा. ओळ तोडायचीच तर ती चरणान्ती तोडावी. स्तंभांची आखणी झीटेकसारख्या मुद्रणप्रणालीवर सोपवावी, कारण जोडाक्षराची खरी रुंदी टंकालाच ठाऊक असते. पडद्यावर स्तंभ थोडे वाकडे दिसतील, ते दिसू द्यावेत. रिकाम्या जागा हाताने घालून ते सरळ करण्याचा मोह अनेकांना होतो. पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालवली की ते सारे श्रम वाया जातात.

मात्र एक काम सर्वांआधी व्हावे. ‘दुसऱ्या’मधील ऱ्य दोन प्रकारे टंकित झालेला आढळतो : कधी नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, तर कधी साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही एकच, परंतु ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ या आज्ञा त्यांना दोन शब्द मानतात व शब्दसूचीतील वारंवारता दुभंगते. ‘सेड’च्या एका ओळीने दुसरे रूप पहिल्यात बदलता येते. हलन्तासह जोडचिन्हही शोधावे, नुसता ‘र’ व हलन्त शोधू नये. अन्यथा ‘आचार्यांना’ या शब्दाचे ‘आचाऱ्यांना’ होईल आणि गुरुजनांची रवानगी स्वयंपाकघरात होईल.