एक साचा, चारशे पुस्तकं

समजा, एका छोट्या प्रकाशन संस्थेची चारशे पुस्तकं आहेत आणि प्रत्येकाला वेबसाइटवर स्वतंत्र पान हवं आहे. सहसा पहिलं पान मन लावून सजवलं जातं, मग त्याची नक्कल काढून नाव, मुखपृष्ठ, किंमत तेवढी बदलली जाते. पुढे कधीतरी किमतीखाली टपालखर्चाची ओळ टाकायची ठरते आणि चारशे पानं एकेक करून उघडावी लागतात.

हे कष्ट टाळण्याची सोय जुनीच आहे. वेबसाइट बनवण्याच्या, २००३ साली आलेल्या वर्डप्रेस या प्रणालीत मजकूर डेटाबेसात आणि मांडणी टेम्प्लेटमध्ये, अशी फारकत पहिल्यापासून होती. २०१०च्या ३.० आवृत्तीनं ‘पुस्तक’ असा आपला वेगळा प्रकार करणंही सोपं केलं. मात्र टेम्प्लेट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहावं लागे. एलिमेंटॉरसारख्या, पानं माऊसनं रचू देणाऱ्या ‘बिल्डर’ प्लगइनांच्या सशुल्क आवृत्त्यांनी ती अडचण दूर केली. शीर्षकाच्या चौकटीत नाव टाइप करायचं नाही. डायनॅमिक टॅगच्या चिन्हावर क्लिक करून ‘पोस्ट टायटल’ निवडायचं. लेखक, पृष्ठसंख्या, किंमत यांचे रकाने एसीएफसारख्या प्लगइनमधून करायचे आणि तेही तसेच जोडायचे. साचा एकच राहतो आणि ज्या पुस्तकाचं पान उघडेल त्याची माहिती त्यात भरली जाते.

जोडणी दहा मिनिटांत शिकता येते. रकाने ठरवायला मात्र खरी बुद्धी लागते, आणि माझ्या मते रंग-टाइप निवडण्याआधी ते कागदावर ठरवावेत. किंमतच घ्या. कुणी ‘४५० रु.’ लिहितं, कुणी ‘रु. ४५०/-’. वाचणाऱ्याला दोन्ही कळतात, पण वर्डप्रेस असे रकाने मजकूर म्हणून साठवतं. क्रम संख्येनुसार लावायला सांगितलं नाही, तर बाराशेचं पुस्तक साडेचारशेच्या आधी येतं, कारण एक हा अंक चारच्या आधी. आणि संख्येनुसार लावायला सांगितलं, तरी देवनागरी अंक डेटाबेसला संख्या वाटत नाहीत. त्यांची किंमत तो शून्य धरतो. म्हणून रकान्यात फक्त इंग्रजी अंक भरावेत. रुपयाचं चिन्ह टॅगच्या ‘बिफोर’ या खणात एकदाच लिहिलं की सगळीकडे उमटतं.

दुसरी काळजी रिकाम्या रकान्याची. अनुवादक सगळ्याच पुस्तकांना नसतो. साच्यात ‘अनुवाद :’ हे शब्द पक्के लिहिले, तर मूळ मराठी कादंबरीच्या पानावर ते उघडेबोडके लटकत राहतात. तेच शब्द ‘बिफोर’मध्ये ठेवले, तर नाव नसताना तेही दिसत नाहीत. जिथे काहीतरी दिसायलाच हवं, तिथे टॅगचा ‘फॉलबॅक’ हा खण भरावा, उदाहरणार्थ ‘किंमत लवकरच’.

साचा तपासताना नमुना म्हणून कोणती नोंद दिसावी, हे बिल्डरमध्ये निवडता येतं. तिथे संस्थेचं सर्वांत देखणं पुस्तक घेऊ नये. सर्वांत लांब नावाचं, तीन संपादकांचं, मुखपृष्ठाचं चित्र न सापडलेलं पुस्तक घ्यावं आणि ते मोबाइलवरही उघडून पाहावं.